तीन दिवस काही विचारायचं नाही

आश्रमात जन्म काढलेल्या माणसाने दिवाळी अंकात लिहायचं म्हटलं, की वाचणाऱ्याला दोन गोष्टींची अपेक्षा असते. एक साक्षात्कार आणि दुसरा साप. संपादकांना मी आधीच कळवलं, की साप पुष्कळ पाहिले, पण त्यातल्या बहुतेक धामणी होत्या आणि त्याच आम्हाला भ्यायच्या; साक्षात्काराची वेळ आली असेल तेव्हा मी बहुधा तांदूळ निवडत होतो. ते म्हणाले, मग तांदळाचं लिहा. तर वाचकांनी दोष त्यांना द्यावा.

सेवेकरी म्हणजे आश्रमाचा बिनपगारी सर्वकाही. आमच्या नातेवाइकांना वाटायचं, की आम्ही दिवसभर झाडाखाली डोळे मिटून बसतो. डोळे मिटायला मिळाले असते तर आम्ही सरळ झोपलो असतो. पहाटे पाचला घंटेचे टोल पडत. घंटा म्हणजे आंब्याच्या फांदीला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा. ते टोल कानी पडले, की एकाने चूल पेटवायची, दोघांनी झऱ्यावरून पाणी आणायचं, एकाने गोठा काढायचा. मग प्रार्थना. प्रार्थनेत निम्मं लक्ष चुलीवरच्या दुधाकडे. त्यानंतर भात कांडणं, पत्रावळी लावणं, सरपण फोडणं, आणि संध्याकाळी पुन्हा पाणी, पुन्हा प्रार्थना, पुन्हा तेच दूध. एवढ्या धबडग्यात मनाला शांती कधी मिळते, असं एका पाहुण्याने विचारलं होतं. मी म्हटलं, दूध उतू गेलं नाही त्या दिवशी.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. तळेगावात वडिलांचं किराणा दुकान होतं आणि गूळ तोलण्याचा मला मनापासून कंटाळा होता. लोणावळ्याबाहेरच्या टेकडीवर चार खोपटी घालून काही माणसं राहतात, एवढं ऐकून मी निघून आलो. वडील रागावले नाहीत. ते म्हणाले, "जा. त्या लोकांचं बस्तान उठलं, की मुकाट्यानं गादीवर येऊन बसायचं." महिन्याभरात बस्तान उठणार याची त्यांना खात्री होती. मला मात्र ती टेकडी पहिल्याच दिवशी इतकी आवडली, की घाटातल्या इंजिनांची धापसुद्धा मला गोड वाटायला लागली.

आश्रमाच्या प्रमुखांना सगळे काका म्हणत. महाराज म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. तीस वर्षं त्यांनी रेल्वेत तिकीट कलेक्टरची नोकरी केली होती. निवृत्त झाल्यावर माणसं काशीला जातात, काका टेकडीवर आले. त्यांनी आश्रमाला एकच नियम घालून दिला, तो असा, की येणाऱ्या पाहुण्याला तीन दिवस काही विचारायचं नाही. नाव नाही, गाव नाही, जात नाही, काम नाही. पाहुण्यानेही सांगायचं नाही. जेवायचं, काम करायचं, झोपायचं. चौथ्या दिवशी सकाळचे टोल पडले, की काका स्वतः विचारत, "आपण कोण?" ते म्हणायचे, "तीस वर्षं मी दारात उभा राहून प्रत्येकाला अडवलं. आता माझ्या दारात कुणाला अडवायचं नाही."

हा नियम ऐकायला फार उदात्त आहे. पाळायला कसा आहे, ते एका उदाहरणावरून कळेल. एकदा वलवणकडचे एक आबा आले. दारातच "माजी म्हस..." म्हणाले. मी हात जोडून म्हटलं, "आबा, तीन दिवस काही सांगायचं नाही." त्यांना जेवू घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा "आवो, माजी म्हस..." पुन्हा आम्ही हात जोडले. माणूस मोठा भाविक, तीन दिवस झाडलोट केली, रोज गोठ्यापाशी जाऊन डोळे पुसायचे. आम्हाला वाटलं, प्राणिमात्रांविषयी काय हा कळवळा! चौथ्या दिवशी काकांनी विचारलं, "आपण कोण?" तेव्हा आबांचा बांध फुटला. "मी त्या म्हशीचा मालक! चुकून आली हितं. तीन दिस तिचंच दूध तुमी मलाच पाजताय!" म्हैस परत गेली. आबा पुढे दर पंधरवड्याला येऊ लागले, पण म्हैस घरी बांधून.

आता मुख्य गोष्ट.

टेकडी आमची नव्हती. पुण्याच्या एका जमीनदारांची होती आणि त्यांनी ती काकांना तोंडी दिली होती. ते वारले. चार वर्षांनी त्यांच्या मुलाचं, भाऊसाहेबांचं, पत्र आलं. एका मुंबईकराला बंगल्यासाठी टेकडी हवी आहे, मी येऊन चार दिवस राहीन, पाहीन आणि काय ते ठरवीन. गाडी आणि वार कळवला होता. भाऊसाहेबांना आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं.

पत्र वाचून आमच्या तोंडचं पाणी पळालं. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या राधामावशी म्हणाल्या, "ठरवीन म्हंतोय, म्हंजी ठरलंय त्येचं." माझ्या डोळ्यांपुढे गुळाची ढेप उभी राहिली.

पत्रव्यवहार माझ्याकडे होता, कारण माझं अक्षर चांगलं. काकांनी उत्तर सांगितलं ते दोन ओळींचं. 'अवश्य यावे. आमच्याकडे पाहुण्यांस तीन दिवस काही विचारत नाहीत व त्यांनीही काही सांगू वा विचारू नये, असा रिवाज आहे.' पण एवढ्या मोठ्या माणसाला एवढंसं पत्र? अर्धा कागद कोरा दिसत होता. मी आपल्या पदरचं घातलं. 'जे मिळेल ते ग्रहण करावे, जे सांगतील ते करावे. कोणी काहीही म्हटले तरी तीन दिवस स्थान सोडू नये.' वाक्याला काय झोक आला म्हणून मी स्वतःवरच खूश झालो. निळ्या शाईत ठळक लिहिलं आणि काकांना न दाखवता टपालात टाकलं.

ठरल्या दिवशी मी बैलगाडी घेऊन स्टेशनवर गेलो. गाडी हाकायला बाळाभाऊ होते, मूळचे उर्शाचे, बैलांशी बोलणारे आणि माणसांशी क्वचित. मार्गशीर्षातली थंडी होती. माझ्या अंगावर आश्रमाचे पांढरे कपडे, गाडीला पांढरं छत. फलाटाबाहेर शेजारीच उस्मानभाईंचा टांगा उभा होता. उस्मानभाई गावातल्या एका आरोग्यभुवनाचे पेशंट नेत-आणत. त्यांच्याही टांग्याला पांढरं छत आणि बरोबरच्या नोकराचे कपडेही पांढरे. हे मी आज लिहितोय. तेव्हा माझ्या डोक्यात फक्त टेकडी होती.

गाडी आली. काळा कोट, गळपट्टा, काखेत वळकटी असे एक गोल गृहस्थ तडक माझ्याकडे आले. "न्यायला आलात ना?" म्हणाले. "चला."

यात विचारण्यासारखं काय होतं? आणि विचारायला तर बंदीच. मी वळकटी घेतली. वाटेत मी नियम सांगितला, की तीन दिवस घरचं-दारचं, दुखण्याखुपण्याचं, काही बोलायचं नाही. गृहस्थांचा चेहरा उजळला. "उत्तम! मला हेच हवं होतं," म्हणाले. मी बाळाभाऊंकडे पाहून डोळे मिचकावले.

मग सुरू झाले आमच्या आश्रमाचे सर्वांत आनंदाचे तीन दिवस. पाहुणे पाचच्या टोलाला उठून बसत. पाण्याला चला म्हटलं, की घागर घेऊन पुढे. "रोज किती घागरी घ्यायच्या?" मी चाचरत म्हटलं, "दोन?" त्यांनी चार आणल्या. मुसळ हातात दिलं तर घाम निघेपर्यंत भात कांडला. नाचणीची भाकरी मोजून चावायचे. एवढा जमीनदार आणि एवढा विनय! रिकाम्या वेळात त्यांनी सगळ्या खोपटांच्या दारांच्या बिजागऱ्या तपासल्या, खिळे ठोकले, तेल घातलं. वर्षानुवर्षं कुरकुरणारी दारं मुकी झाली.

पहिल्या संध्याकाळी ते काकांसमोर बसले. नमस्कार केला, मग मनगट पुढे केलं आणि जीभ बाहेर काढली. आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. काकांना विचारायची सोय नव्हती. त्यांनी ती जीभ गंभीरपणे पाहिली, मनगटावर क्षणभर हात ठेवला आणि हात जोडले. पाहुणे समाधानाने उठले. त्यांच्या घराण्याची ही काही जुनी रीत असणार, असं आमचं ठरलं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर आमच्यातल्या दोघांनी काकांना नमस्कार करताना आदराने जिभा बाहेर काढल्या. काका म्हणाले, "आत घ्या."

टेकडी वाचली, अशी आमची खात्री झाली. मी तर उड्या मारायचा बाकी होतो. एकट्या राधामावशींना पटत नव्हतं. "ह्यो जमीनदार न्हाई," त्या मला चुलीपाशी म्हणाल्या.

"कशावरून?"

"जमीनदार ताट पुसून खात न्हाई. आन् बिजागरीला हात लावत न्हाई. त्येला दार उघडायला मानूस असतो."

मी हसण्यावारी नेलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी उस्मानभाई बाळाभाऊंकडे तंबाखूला आले. मी ओसरीवर तांदूळ निवडत होतो. उस्मानभाई सांगत होते, "आमच्याकडं यक पेशंट आलाय, बाळाभाऊ. त्येला येडा म्हनावं का साधू, कळंना. एरंडेल दिलं तरी हात जोडून पितो. इतकी वर्सं झाली, एरंडेलाला नमस्कार करनारा मानूस म्या न्हाई बगितला. बोलत न्हाई, इचारत न्हाई. डाक्टरसायेब सोता घाबरल्यात. उशीखाली यक चिठ्ठी ठिवलीय, दोन टायमाला काढून वाचतो."

मी तांदळातून मान वर केली. "कसली चिठ्ठी?"

"काय की. निळ्या शाईची हाय. अक्षर झ्याक हाय बगा."

सूप तिथेच टाकून मी उस्मानभाईंच्या टांग्यात चढलो.

आरोग्यभुवनाच्या व्हरांड्यात एक किडकिडीत, गोरे गृहस्थ कांबळ्यात गुंडाळून बसवले होते. छातीला कसला तरी लेप, पायाशी गरम पाण्याची पिशवी, तोंडात थर्मामीटर. चेहऱ्यावर मात्र विलक्षण शांती. मी पाया पडून म्हटलं, "भाऊसाहेब, मी आश्रमातला. फार मोठी चूक झाली. हा दवाखाना आहे. आश्रम टेकडीवर आहे, चला माझ्याबरोबर."

त्यांनी मंद स्मित केलं, थर्मामीटर हलू न देता. मग मान हलवली. नाही.

मी पुन्हा सांगितलं. गयावया केली. त्यांनी कांबळ्यातून हात काढला, उशीखालचं पत्र उलगडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. कोणी काहीही म्हटले तरी तीन दिवस स्थान सोडू नये. माझंच अक्षर, माझाच झोक! मी त्यांची परीक्षा पाहायला आलो आहे, असं त्यांना वाटत होतं आणि त्या परीक्षेत उत्तीर्ण व्हायचा त्यांचा निर्धार झाला होता. तेवढ्यात नोकर एरंडेलाची वाटी घेऊन आला. भाऊसाहेबांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं आणि ती घटाघट रिकामी केली. प्रत्येक घोटाबरोबर टेकडी हातभर लांब जाताना मला दिसत होती.

मी परत आश्रमात गेलो आणि काकांपुढे सगळं ओकलो. फक्त पत्रात घातलेल्या वाक्यांचं तेवढं बोलायचं धाडस झालं नाही. काका उठून आत गेले आणि त्यांनी पेटीतून काढलेला, पितळी बटणांचा जुना काळा कोट चढवला. तो कोट मी पहिल्यांदाच पाहत होतो.

व्हरांड्यात काका भाऊसाहेबांसमोर ताठ उभे राहिले. समजावणं नाही, विनवणी नाही. एक हात पुढे केला आणि ज्या आवाजाने तीस वर्षं झोपलेले प्रवासी जागे केले असतील, त्या आवाजात म्हणाले, "तिकीट?"

भाऊसाहेब दचकले. माणूस कितीही शांत झालेला असो, त्या शब्दाला हात आपोआप खिशाकडे जातो. हातात पत्रच होतं, तेच त्यांनी मुकाट्याने पुढे केलं. काकांनी ते पालथं-उलथं केलं, सावकाश वाचलं. मधेच थांबून माझ्याकडे एकदा पाहिलं. मी पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागलो.

"हे तिकीट दुसऱ्या गाडीचं आहे," काका म्हणाले. "उतरा."

आणि भाऊसाहेब उतरले! थर्मामीटर नोकराच्या हातात दिला, कांबळं बाजूला सारलं, चपला घातल्या आणि निमूटपणे टांग्यात येऊन बसले. उस्मानभाईंनी घोड्याला इतक्या खुशीत हाकारलं, की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली.

पण आमची खरी परीक्षा त्या संध्याकाळी होती. तीन दिवस संपायला सकाळचे टोल पडायचे होते आणि काकांनी बजावलं होतं, की तोवर टेकडीचा शब्द नाही. भाऊसाहेब पंगतीला बसले, समोर आमचे ते गोल पाहुणे. तीन दिवस साबुदाण्याच्या पेजेवर काढलेल्या भाऊसाहेबांना राधामावशींनी आंबेमोहराचा भात आणि पिठलं वाढलं. आम्ही दहा-बारा जण, सगळ्यांच्या ओठांवर एकच प्रश्न, आणि कुणी तोंड उघडेना. राधामावशींच्या तर तो अगदी जिभेवर यायचा. आला, की त्या भाऊसाहेबांच्या पानात आणखी भात वाढायच्या. चार वेळा आला. भाऊसाहेबांनी चारही वेळा खाल्लं. गोल पाहुण्यांनी मात्र वाढलेल्या भाताकडे पाहून काळजीने विचारलं, "यांना पथ्य नाही का?"

सकाळी टोल पडले. आम्ही गोलाकार बसलो. काकांनी आधी गोल पाहुण्यांना विचारलं, "आपण कोण?"

"मी गोविंद," ते म्हणाले. "मुंबईला माझं लोखंडी सामानाचं दुकान आहे. झोप नाही, भूक नाही. डॉक्टरांनी इथं पाठवलं. तुमच्या उपचारांना जवाब नाही हो. तीन दिवस मी मेल्यासारखा झोपलोय."

"हे इस्पितळ नाही," काका म्हणाले. "हा आश्रम आहे."

गोविंदशेठ सगळ्यांकडे पाहत राहिले. "मग मी बरा कसा झालो?"

भाऊसाहेब मोठ्याने हसायला लागले. "म्हणजे तिथे मला गोविंद गोविंद म्हणत होते ते तुमचं नाव! मला वाटलं, आश्रमात आल्यावर नवं नाव देतात. फार आवडलं होतं मला." मग जे काही झालं त्याला हसणं म्हणायचं की काय, मला माहीत नाही. बाळाभाऊ, जे बैलांखेरीज कुणाशी बोलत नसत, ते मातीत लोळत होते. राधामावशी पदर तोंडात कोंबून आत पळाल्या.

हसू ओसरल्यावर काकांनी विचारलं, "आणि आपण?"

भाऊसाहेब गंभीर झाले. "मी टेकडी विकायचं ठरवूनच आलो होतो. खोटं कशाला बोलू? वडील गेल्यापासून जो भेटतो तो जमिनीचंच विचारतो. दवाखान्यात कुणी विचारलं नाही, पण त्यांना माहीतच नव्हतं. तुम्हाला माहीत होतं. काल मी जेवत होतो आणि तुम्हा सगळ्यांचे जीव टांगणीला लागले होते, ते दिसत होतं मला. तरी एकानेही विषय काढला नाही. फक्त भात वाढत होतात."

त्यांनी माझंच पत्र मागितलं, पालथं घातलं, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून दिलं, की काका आणि त्यांच्यामागून येणारे इथे राहतील तोवर टेकडी आश्रमाचीच. खाली सही केली. आंब्याखाली कुणीतरी जाऊन तो रूळ बडवायला सुरुवात केली, टोलांना काही हिशेबच राहिला नाही.

मी एकटा ओसरीवर जाऊन कालचे तांदूळ निवडत बसलो. टेकडी राहिली होती, पण माझं काय? काका कागद घेऊन आत गेले आणि मला हाक मारली.

"दत्तू, उद्या सकाळी साडेआठच्या गाडीला स्टेशनवर जायचंय."

तळेगावची गाडी! माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, "काका, ती दोन वाक्यं माझ्या पदरची होती. मला झोक आवडला म्हणून. मला परत पाठवू नका."

"परत कोण पाठवतंय?" काका म्हणाले. "पाहुणा यायचाय, त्याला आणायला जायचंय."

मग त्यांनी पेटीत हात घालून तिकिटांना भोक पाडायचा जुना चिमटा काढला. कागद डोळ्यांजवळ धरून एक जागा नेमकी हेरली आणि कट्कन चिमटा दाबला. कागद माझ्या हातात दिला. पाठीमागच्या सहीला जराही धक्का लागला नव्हता. पुढच्या बाजूला, 'स्थान सोडू नये' या माझ्या झोकदार शब्दांच्या बरोबर मधोमध एक स्वच्छ, गोल भोक पडलं होतं.

गोविंदशेठ पुढे दर वर्षी पंधरा दिवस 'उपचारांना' यायचे आणि सगळ्या बिजागऱ्यांना तेल घालून जायचे. काका गेले, राधामावशी गेल्या. स्टेशनवर जायला आता माझे गुडघे नाहीत. वडिलांना मी गादीवर बसलेला शेवटपर्यंत दिसलो नाही, त्याची रुखरुख आहे, लपवत नाही. कागद आमच्या ओसरीवर काचेत लावलेला आहे. नवे पाहुणे त्या भोकाकडे बोट दाखवून माझ्याकडे बघतात. मी त्यांना चौथ्या दिवशी सांगतो.